अक्कांचं चेकिंग

खोली भाड्यानं मागायला गेलो तेव्हा अक्कांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. म्हणाल्या, "टॉवेल दाखव."

मी बॅगेतून टॉवेल काढून दिला. त्यांनी तो झटकला, उलटा केला, खिडकीशी उजेडाला धरला, काठावरून अंगठा फिरवला आणि गळ्यातल्या दोरीचं भिंग डोळ्याला लावलं. मी दारात उभा. एम.कॉम., फर्स्ट क्लास.

"माल सेकंड हाय," त्या म्हणाल्या. "पण धुतोस चांगला. वरची खोली घे."

अक्का सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका टॉवेल कारखान्यात एकतीस वर्षं चेकर होत्या. मागावरून उतरलेला प्रत्येक टॉवेल त्यांच्या टेबलावरून जायचा. आधी सुलट बाजू बघायची, मग उलट. कुठे धागा तुटलाय, कुठे तेलाचा डाग पडलाय, तिथे निळ्या खडूनं फुली मारायची आणि माल तीन ढिगांत टाकायचा: फर्स्ट, सेकंड, चिंधी. रिटायर होऊन सात वर्षं झाली होती, पण ही बातमी त्यांच्या हातांना कुणी दिली नव्हती.

निळा खडू कायम कनवटीला. दुधाच्या किटलीवर फुली, कारण झाकण बसत नव्हतं. माझ्या स्कूटीच्या सीटवर फुली. गवंड्यानं न्हाणीचा गिलावा करून दिला तर भिंतीवर इतक्या फुल्या पडल्या की तो म्हणाला, "अक्का, आता रंग द्यायची गरजच न्हाय. निळी झालीया की."

एका वर्षी गल्लीच्या गणेश मंडळानं ज्येष्ठ महिला म्हणून त्यांचा सत्कार ठेवला. अध्यक्षांनी शाल अंगावर घातली, टाळ्या सुरू झाल्या, आणि अक्कांनी शाल काढून उलटी केली. समोर माईक चालू. "कितीला दिली ही तुमाला?" अध्यक्ष हळूच म्हणाले, "अक्का, भावना बघा की." "भावना बघितली. हितं धागा निसटलाय." आणि स्टेजवरच फुली. पुढच्या वर्षी मंडळानं धोका नको म्हणून स्टीलचं पातेलं दिलं. अक्कांनी ते पालथं घालून बूड बघितलं.

माहेर अक्कलकोटजवळच्या मैंदर्गीचं, त्यामुळे राग आला की कन्नड सुरू व्हायचं. "सुम्न कुंद्र" म्हणाल्या की समोरचा गप बसायचा, मग त्याला कन्नड येवो न येवो. आणि एक वाक्य दिवसातून चारदा तरी: "देखन्या बाजूनं कुनीबी बघतंय. मला पगार उलट्या बाजूचा होता."

मला त्या 'पदवीधर' म्हणायच्या. दोष माझाच. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. पदवीदान समारंभातला गाऊन घातलेला फोटो फ्रेम करून मी खोलीत लावला होता, आणि आल्यागेल्याला तो दिसेल अशा बेतानं दारासमोरच लावला होता. अक्कांनी पहिल्याच दिवशी भिंग लावलं. "गाऊन भाड्याचा हाय व्हय रे?"

"सगळ्यांचाच भाड्याचा असतो अक्का."

"डिग्री?"

"डिग्री माझी आहे."

"मग झालं," म्हणाल्या, आणि फ्रेम वाकडी होती म्हणून शेजारी भिंतीवर फुली मारून गेल्या.

मी एका विनाअनुदानित कॉलेजच्या ऑफिसात कामाला होतो. करारावर. वय बत्तीस. आमच्या माळशिरस तालुक्यात या वयाच्या बिनलग्नाच्या पोरांची एक वेगळी वाडी वसवता येईल. मी चौदा स्थळं बघितली होती. चौदा ठिकाणचे पोहे खाल्ले, आणि चौदाही ठिकाणी पोहे संपायच्या आत एकच प्रश्न आला: "नोकरी पर्मनंट हाय का?" दुसरा प्रश्न घराला स्लॅब आहे का. आमचं घर पत्र्याचं. म्हणून मी चार वर्षं पगारातून काढून स्लॅबचे पैसे साठवत होतो. ते झाले की निदान दुसऱ्या प्रश्नाला तरी मान वर करून उत्तर देता आलं असतं.

अशात ती आली. लग्न जुळवायच्या अॅपवर.

नर्स, दुबईला, मूळ अक्कलकोटची. आईवडील नाहीत. फोटोत मोरपंखी साडी नेसून गच्चीवर उभी. पहिलाच मेसेज असा: "तुमचा गाऊनमधला फोटो पाहिला. शिकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरच वेगळं तेज असतं." मी तो मेसेज किती वेळा वाचला ते सांगत नाही. चौदा घरांत माझ्या डिग्रीकडे कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. एका मुलीच्या मामानं तर विचारलं होतं, "एम.कॉम. म्हंजी तलाठी होता येतंय का?"

आठवड्यात ती 'अहो' म्हणायला लागली. दुसऱ्या आठवड्यात मी जेवलो का हे आईच्या आधी ती विचारायची. अॅपवर नको, तिथं सगळे बघतात, म्हणून आम्ही व्हॉट्सअॅपवर आलो. व्हिडिओ कॉल नाही, कारण हॉस्पिटलात कॅमेऱ्याला बंदी. खोलीवर असताना का नाही, हे विचारायचं मला सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं, मी विचारलं नाही.

आणि याच मी, एम.कॉम., महिनाभर आधी गल्लीच्या समाजमंदिरात कॉलेजतर्फे भाषण दिलं होतं: अनोळखी माणसाला पैसे पाठवू नका, ओटीपी सांगू नका, फोटो खरा आहे का ते तपासा. पहिल्या रांगेत अक्का.

महिन्यानं तिनं कळवलं, ती येतेय. सामान पुढं पाठवलंय, त्यात आईसाठी सोन्याच्या बांगड्या आहेत. दोन दिवसांनी कुण्या अधिकाऱ्याचा फोन आला, की पार्सल विमानतळावर अडकलंय, अमुक इतकी ड्युटी भरा. तो आकडा आणि माझे स्लॅबचे पैसे जवळजवळ सारखेच. तिला मीच कधीतरी स्लॅबचं सांगितलं होतं. ती म्हणाली, "मी आल्यावर दोन स्लॅब घालू." सोमवारी पैसे भरायचे असं मी ठरवलं आणि शनिवारी आईला फोन करून सांगून टाकलं की सून ठरली. आईनं शेजारणीला सांगितलं, म्हणजे गावाला सांगितलं.

मग उड्या मारत खाली आलो. अक्का अंगणात शेंगा निवडत होत्या.

"अक्का, एक काम होतं. माझं ठरलंय. ती आली की तिला तुमच्या हातची कडक भाकरी करून घालाल का? तिला लई आठवण येते म्हणे. आईच्या हातच्या गरमागरम कडक भाकरीची."

अक्कांचा हात शेंगांत थांबला. "काय म्हनली?"

"गरमागरम कडक भाकरी."

"कुटली म्हनलास पोरगी?"

"अक्कलकोटची."

"एनप्पा," अक्का म्हणाल्या, म्हणजे काय रे बाबा. "कडक भाकरी पापडावानी पातळ थापायची, भाजायची, सुकवायची, डब्यात रचून ठेवायची. पंधरा दिवस खायची, कडाकडा मोडून. आमच्याकडचं मानूस डब्याची आठवण काढतंय. गरम भाकरीची न्हाय. ही पोरगी भाकरी पाकिटावर बघून आलीया."

"शब्दाला काय धरून बसता अक्का. प्रेमात माणूस लिहितो असं."

"फोन दे."

"खासगी आहे ते."

"मी टॉवेल बघितला तवा म्हनलास काय, खासगी हाय?"

फोन दिला. त्यांनी ओसरीच्या उजेडाला तो धरला, भिंग लावलं आणि कनवटीचा खडू काढला. मी अडवायच्या आत स्क्रीनवर फुली. 'तुम्ही भेटलात म्हणजे देवच पावला' या वाक्यावर. "तिसऱ्याच दिवशी देव पावला? एवढ्या घाईत तर मागबी सुरू होत न्हाय." पुढची फुली हॉस्पिटलातल्या कॅमेऱ्यावर. पुढची, तिचा भाऊ वारला त्या दिवशीच्या मेसेजवर, कारण अक्कांना आधीच्या पानावर ती एकुलती एक असल्याचं सापडलं होतं. मला ते सापडलं नव्हतं. मी त्या भावासाठी दोन दिवस उपास केला होता.

घोळ असा झाला की अक्का बोटानं पान वर सरकवायच्या, मेसेज पुढं जायचा, पण खडू काचेवर तिथंच. त्यामुळे एक फुली जाऊन बसली माझ्याच वाक्यावर: 'तुझ्याशिवाय घास घशाखाली उतरत नाही.'

"अक्का, ते माझं आहे."

त्यांनी भिंगातून परत वाचलं. "असू दे. दोषच हाय. दोन टायमाला पाच पाच भाकऱ्या खातोस की रे तू."

आणि मग एकदम त्या थांबल्या. वर बघितलं. "हिनं तुला नोकरी पर्मनंट हाय का विचारलंय कुटं?"

मी म्हणालो, नाही. तेच तर. तेवढी एकच मुलगी, जिनं ते विचारलं नाही.

"पदवीधर, चौदा पोरींनी विचारलं. शेताची विचारपूस, पत्र्याची विचारपूस. आपल्याकडं पोरगी देताना लोक बैलाचे दात मोजतील. आनि ही दुबईतनं तुझं नाव ऐकून सोनं पाठवाय लागली? जिनं नोकरी विचारली न्हाय ती पोरगीच न्हाय. लिहून घे."

माझं तोंड आंबट झालं होतं. अक्का गच्चीवरचा फोटो निरखत होत्या. "हा फोटो उलटा करून बघता येत न्हाय व्हय रे? मागनं?"

आता हे मला माहीत होतं. नेटवर फोटो टाकून शोधायचा, तो अजून कुठं कुठं आहे ते दिसतं. मी भाषणात हेच शिकवलं होतं, लोकांना करूनही दाखवलं होतं. फक्त तिचा टाकायला माझं बोट महिनाभर उचललं नव्हतं. अक्कांसमोर टाकला. कुठल्याशा दूरच्या शहरातलं साडीचं दुकान. तीच बाई, तीच गच्ची, तीच मोरपंखी साडी, आणि खाली साडीची किंमत. वीस टक्के सूट.

"बघ, सेलला लागलीया," अक्का म्हणाल्या.

"तिनं बिचारीनं लाजून दुसरीचा फोटो लावला असेल," मी म्हणालो. आज हे वाक्य लिहिताना कान गरम होतात, पण म्हणालो खरं.

"बरं. मग बघायचा कार्यक्रम करू. आपल्याकडं बघितल्याबिगर ठरत न्हाय. लिही: घरच्या बाईला तुला बघायचंय, दोन मिनिटं, आत्ता."

लिहिलं. उत्तर आलं, कॅमेरा बिघडलाय. अक्का म्हणाल्या, लिही, शेजारणीचा घे. उत्तर आलं, "अहो, तुमचा माझ्यावर विश्वासच नाही का?"

"लिही, न्हाय."

"अक्का, असं कसं लिहू?"

"ना आनि ही. दोन अक्षरं हायत. एम.कॉम.ला शिकवली नसतील तर मी सांगते."

मी लिहिलं, नाही. आणि वर आपणहून जोडलं: माझी नोकरी करारावरची आहे, पर्मनंट नाही, चालेल ना?

पलीकडून झटक्यात आलं: "मला नोकरी नको, तुम्ही हवेत. सोमवारी ड्युटी नक्की भरा."

अक्कांनी फोन माझ्या मांडीवर ठेवला. "चिंधी," म्हणाल्या, आणि शेंगांकडे वळल्या.

मला आधी रडू येईल असं वाटलं, पण आलं हसू. एवढं आलं की ओसरीच्या खांबाला धरून बसलो. महिनाभर मी साडीच्या जाहिरातीला जेवण झालं का विचारत होतो. अक्काही हसायला लागल्या, त्यांचं भिंग पोटावर उडत होतं. मग डोळे पुसत त्यांनी विचारलं, "घरी सांगितलंस न्हवं काय?" आणि माझं हसू तिथल्या तिथं आटलं. पैसे वाचले होते. नाव गेलं होतं. गावात शिकलेला पोरगा म्हणून माझा दाखला द्यायचे, आणि उद्या हाच दाखला उलटा फिरणार होता.

"फोनवर सांगतो आईला, मोडलं म्हणून," मी म्हणालो.

"मोडाय जुळलं कुटं हुतं? तोंडानं जाऊन सांग. हे पदरात झाकून ठेवलं तर दुसरा कुनी असाच गळाला लागंल. मी येते संगट."

रविवारी सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. अक्कांनी ठेवणीतली इरकल नेसली, डब्यात शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेतली. घराच्या अंगणात पाय ठेवला आणि बघतो तर सतरंज्या अंथरलेल्या, बायका जमलेल्या. आई पदर सावरत धावत आली, अक्कांच्या पायावर पाणी घातलं, आणि मला म्हणाली, "पोरीची आत्या व्हय रं? आधी सांगाय नगं?"

सून ठरल्यावर इरकल नेसलेली अनोळखी बाई घरी आली, तर दुसरं काय समजायचं. मी तोंड उघडणार तेवढ्यात अक्कांनी माझ्याकडं बघितलं, सतरंजीवर बसल्या आणि पोह्यांची ताटली घेतली. आई सांगत होती, "स्लॅबचं काम यंदा हुईलच, पैसं हायती पोराकडं. पोरगं शिकल्यालं हाय, निर्व्यसनी हाय." अक्का प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होत्या. पोहे संपले, चहा झाला, ओटीचा नारळही पदरात आला. मग पदरानं तोंड पुसून त्या मला म्हणाल्या, "पदवीधर, बोल आता. मला न्हेमी भाषन ऐकवतोस."

मी उभा राहिलो. समाजमंदिरात समोर शंभर माणसं होती, इथं वीस बायका, आणि त्यात आई. म्हणालो, "आई, ती पोरगी नाही."

"कोन न्हाय?"

"म्हणजे पोरगीच नाही. साडीच्या दुकानाची जाहिरात आहे. मला फसवत होते. पैसे दिले नाहीत अजून. उद्या देणार होतो."

आईनं अक्कांकडं बोट केलं. "मग ह्या कोन?"

"घरमालकीण."

"मी नारळ दिला की त्यास्नी."

"ऱ्हाऊ दे," अक्का म्हणाल्या. "नारळ फर्स्ट हाय."

आधी एक शेजारीण फुटली, मग सगळं अंगण. आईसुद्धा तोंडाला पदर लावून गदागदा हलत होती. कुंपणाशी डेअरीच्या चेअरमनचा पोरगा मोटरसायकलला टेकून उभा होता. माझ्या वर्गातला, बारावीला दोनदा बसलेला. तो सगळ्यात मोठ्यानं हसला. "शिकून गाढव झालास की रं. फोटो तर दाखीव, कुठल्या हिरोइनीवर भाळलास बघू."

मी फोन दिला. तो बघत राहिला. हसू कधी गेलं ते मला दिसलंच नाही. फोन परत देऊन तो मोटरसायकल ढकलत निघाला. चालू करायचंही भान नव्हतं.

अक्कांनी ते बरोबर टिपलं. "जा त्याच्या मागं," म्हणाल्या.

पाण्याच्या टाकीपाशी तो मला सापडला. मोटरसायकल उभी करून खाली बसलेला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "मला अकलूजची म्हनली हुती. आप्रेशन हाय म्हनली रं." आणि मग हळू आवाजात आकडा सांगितला. परवाच पाठवले होते, म्हशीसाठी बापानं दिलेले. बापाला माहीत नव्हतं.

एरवी मी एक तरी टोमणा मारला असता. बारावीपासून साठवलेले होते. पण सोमवार उजाडला असता तर त्याच्या जागी मीच बसलो असतो. मी शेजारी बसलो. मागून अक्का पोहोचल्या, दम लागलेला. "बसलाय काय? तूच सांगितलंस की भाषनात. आधी सायबरच्या नंबरावर फोन, मग बँक, मग पोलीस. जेवडा येळ घालवाल तेवडं पैसं लांब जातंय. आनि त्या बाईचं बोलनं पुसू नगंस, तोच पुरावा हाय."

फोन लावले, नोंद झाली, बँकेला कळवलं, आणि दुपारी आम्ही तिघं तालुक्याच्या पोलीस ठाण्यात. टेबलामागं नवीन भरतीतला शिपाई, मिसरूड नुकतं फुटलेलं. त्यानं कागद ओढला. "फसलं कोन?"

चेअरमनच्या पोराची मान खाली. घाम टेबलावर पडत होता. मला माझे पैसे शाबूत घेऊन, शिकलेला मित्र म्हणून, खुर्चीत ऐटीत बसता आलं असतं. तालुक्याच्या दफ्तरात आमच्या घराण्याचं नाव पहिल्यांदा लिहिलं जाणार, आणि ते या खात्यात. अक्का भिंतीशी बसल्या होत्या. त्यांचं भिंग माझ्याकडं लागलं होतं.

"दोघं," मी म्हणालो.

पोरानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. शिपायानं 'दोघं' लिहिलं. मग म्हणाला, फोटो दाखवा. मी दाखवला. तो बघत राहिला. जरा जास्तच वेळ बघत राहिला. कान तांबडे झाले. उठून त्यानं दार लोटलं, परत येऊन बसला.

"तुमाला कुटं नर्स म्हनली?"

"दुबईला."

"मला मस्कतला म्हनली," शिपाई म्हणाला. त्यानं पहिला कागद चुरगाळला, नवा घेतला, आणि पेन कपाळाला टेकवून विचारलं, "तिघांचा एकच अर्ज करायचा का येगयेगळा?"

"एकच करा," मी म्हणालो. "बाई एकच आहे की."

"बाई असली तर," भिंतीकडून अक्का म्हणाल्या.